शाळा आणि काम यांमधील अंतर : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात परीक्षण

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ह्या कायद्याविषयी जे लेखन होत असते त्यात दोन प्रकार ठळकपणे आढळतात. पहिल्यात कायद्याचे स्वागत असते. दिव्यांगत्वाच्या प्रकारांची संख्या सातावरून एकवीसवर गेली, शासकीय सेवेतील आरक्षण शेकडा ३ वरून ४ झाले, हे आकडे त्यात समाधानाने सांगितले जातात. दुसऱ्यात अंमलबजावणीविषयी तक्रार असते. कायदा उत्तम, परंतु यंत्रणा शिथिल, असा तिचा सूर असतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की कायद्याची संहिता स्वतः निर्दोष आहे. हे गृहीतक खरे की खोटे, हे संहिता शब्दशः वाचल्याखेरीज ठरविता येणार नाही. ज्या तरुणाचे दिव्यांगत्व लक्षणीय आहे, ज्याची शाळा संपत आली आहे आणि ज्याला आता काम हवे आहे, त्याच्या बाजूने हे वाचन केले असता कायद्याची कलमे परस्परांशी कोठे जुळतात आणि कोठे तुटतात, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाला टाळता येण्याजोगा नाही.

ह्या वाचनासाठी गोंदिया जिल्हा समोर ठेवण्यास कारण आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा राज्याच्या पूर्व टोकास, मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या सीमेवर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. धान, माजी मालगुजारी तलाव आणि जंगल हा येथील जीवनाचा आधार. राइस मिल आणि विडी हे येथील जुने उद्योग. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे संकलन, पावसाळ्यात रोवणी. तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पासारखी मोठी आस्थापना येथे अपवादभूत आहे. ज्या प्रकारचे कार्यालय, ज्या प्रकारचा मालक आणि ज्या प्रकारचा नोकर डोळ्यांपुढे ठेवून हा कायदा लिहिला गेला, ते तिन्ही ह्या जिल्ह्यात विरळ आहेत. आणि ज्या एका व्याधीचा समावेश ह्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या यादीत प्रथमच केला, ती सिकलसेलची व्याधी मात्र येथे विरळ नाही. कायद्याची शिवण कोठे उसवते हे पाहण्यास म्हणून हे ठिकाण योग्य होय.

कायद्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. पहिला व्यापक कायदा १९९५ चा. तो ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अंमलात आला. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क संहितेस भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली आणि त्या संहितेशी सुसंगत असा नवा कायदा करणे क्रमप्राप्त झाले. तो डिसेंबर २०१६ मध्ये संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्याची भाषा कल्याणाची होती, २०१६ ची भाषा हक्काची आहे, हा भेद खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. दिव्यांग व्यक्तीच्या व्याख्येतच आता व्यक्तीच्या न्यूनतेबरोबर परिस्थितीतील अडथळ्यांचा उल्लेख आला आहे. एखादा मनुष्य काम करू शकत नाही, ह्या विधानात दोष मनुष्याचाही असेल किंवा कामाच्या मांडणीचाही असेल, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात शिरले. पुढील सर्व चर्चेत ह्या तत्त्वाचे काय झाले हेच पाहावयाचे आहे.

शिक्षण व रोजगार ह्यांविषयीची मुख्य कलमे चार : १६, १९, ३१ आणि ३४. कलम ३१ अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या, म्हणजे प्रमाणपत्रावर ४० टक्के वा अधिक न्यूनता नमूद झालेल्या, प्रत्येक मुलास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. सर्वसाधारण शिक्षणहक्क कायदा १४ वर्षांवर थांबतो. येथे चार वर्षे अधिक दिली आहेत, हे औदार्य उल्लेखनीय आहे. कलम १६ शिक्षणसंस्थांची कर्तव्ये सांगते. त्यात प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याची प्रगती आणि त्याच्या शिक्षणाची पूर्तता ह्यांवर देखरेख ठेवावी असे म्हटले आहे. कलम १९ व्यावसायिक प्रशिक्षण व स्वयंरोजगार ह्यांविषयीचे असून, बौद्धिक, विकासात्मक व बहुविध दिव्यांगत्व आणि स्वमग्नता असलेल्यांसाठी बाजारपेठेशी प्रत्यक्ष संबंध असणारे स्वतंत्र कौशल्यप्रशिक्षण शासनाने योजावे, असे त्याच्या एका उपकलमात नमूद आहे. कलम ३४ आरक्षणाचे.

ही कलमे सुटी सुटी वाचली तर आक्षेप घेण्यास फारशी जागा सापडत नाही. एकापुढे एक ठेवून वाचली की पोकळी दिसू लागते. कलम १६ मधील देखरेख ‘पूर्तता’ ह्या शब्दावर थांबते. कलम ३१ मधील हक्क अठराव्या वाढदिवशी संपतो. कलम १९ मध्ये शासनाने ‘योजना’ आखाव्यात असे म्हटले आहे. परंतु योजना हा शासनाच्या कृतीचा विषय होय, व्यक्तीच्या हक्काचा नव्हे. म्हणजे कलम ३१ चा कर्ता मूल आहे, आणि कलम १९ चा कर्ता शासन आहे. सतरा वर्षे अकरा महिन्यांचा विद्यार्थी ज्या वाक्याचा कर्ता होता, त्या वाक्यातून तो एका महिन्यानंतर नाहीसा होतो आणि पुढील वाक्यात, असलाच तर, योजनेचा लाभार्थी म्हणून उगवतो. मधल्या काळात त्याच्याविषयी विचारणा करण्याचे कर्तव्य कायद्याने कोणावरच टाकलेले नाही. शाळेवर नाही, कारण शिक्षण पूर्ण झाले. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागावर नाही, कारण तो अर्ज येण्याची वाट पाहतो. मालकावर तर नाहीच.

हा केवळ व्याकरणाचा खल नव्हे, हे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून लक्षात येईल. महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेचा दाखला पाहावा. त्यात प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण असे रकाने असतात. विद्यार्थी कोठून आला हेही त्यात असते, पूर्वीच्या शाळेचे नाव मागितलेले असते. तो कोठे जाणार हे विचारणारा रकाना नाही. सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या बाबतीत ही उणीव खपून जाते, कारण त्याला पुढे नेणाऱ्या वाटा दाखल्याबाहेर असतात : महाविद्यालय, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, मामाचे दुकान, बापाची शेती. मतिमंदत्व किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाच्या बाबतीत दाखल्याबाहेरच्या वाटा बहुधा नसतात. त्याची शाळा हीच त्याची घराबाहेरची एकमेव जागा असते, आणि ती संपली की घर उरते.

ह्यावर असे म्हणता येईल की राज्याच्या अनुदानित व्यवस्थेत विशेष शाळेच्या पुढे कर्मशाळा आहेच. ती आहे, आणि ज्या काळी दुसरे काहीच नव्हते त्या काळी ती उभी करणाऱ्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु कर्मशाळेचे स्वरूप पाहता तिने प्रश्न सोडविला की पुढे ढकलला, अशी शंका येते. मेणबत्त्या, खडू, कागदी पिशव्या, उदबत्त्या, फाइली हे कर्मशाळांतील परिचित उद्योग. त्यांची निवड स्थानिक बाजारपेठेच्या मागणीवरून झालेली क्वचितच दिसते. त्या वस्तू करण्यास सोप्या, भांडवल अल्प लागणाऱ्या आणि दिवाळीत सद्भावनेने विकल्या जाणाऱ्या असतात म्हणून त्या निवडल्या जातात. धानाच्या जिल्ह्यात धानाशी संबंधित कोणते काम आहे? पोती मोजणे, बारदाना दुमडून रचणे, तुकडा वेचणे, शिलाई, शिक्के मारणे. राइस मिलच्या आवारात अशी अनेक आवर्ती कामे असतात. तलावातील मासळीच्या व्यवहारात, रोपवाटिकेत पिशव्या भरण्याच्या कामात, तेंदूपानांची पुडकी मोजण्यात तीच गोष्ट आढळेल. ह्या कामांचे घटक पाडून ती शिकविता येतील काय, ह्याचा विचार कर्मशाळेच्या अभ्यासक्रमात नाही. कलम १९ मधील ‘बाजारपेठेशी प्रत्यक्ष संबंध’ ह्या शब्दांचा अर्थ गोंदियात राइस मिलच्या फाटकाशी सुरू व्हावयास हवा. तो प्रदर्शनातील टेबलाशी संपतो.

अशी कामे शिकविता येतात, ह्याबद्दल आता वाद राहिलेला नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत मार्क गोल्ड ह्या मानसशास्त्रज्ञाने तीव्र बौद्धिक न्यूनता असलेल्या, ज्यांना शिकविणे व्यर्थ समजले जात होते अशा व्यक्तींना सायकलचा ब्रेक जोडावयास शिकविले. रहस्य एवढेच होते की कामाची लहान लहान पायऱ्यांत फोड करावयाची, बोलणे कमी ठेवावयाचे आणि विद्यार्थी चुकला तर तो अपात्र आहे असे न मानता शिकविण्याची रीत बदलावयाची. त्याच्या मागाहून जो विचार रुजला तो असा की, आधी तयारी आणि मग नोकरी हा क्रमच उलटा करावा. आधी प्रत्यक्ष जागी नेमावे, सोबत एक मार्गदर्शक द्यावा, आणि शिक्षण त्या जागीच व्हावे. तयारी पूर्ण होण्याची वाट पाहणाऱ्या कर्मशाळेत मनुष्य वर्षानुवर्षे तयारच होत राहतो.

शाळा व काम ह्यांमधील संक्रमण हा स्वतंत्र विषय म्हणून मांडला गेला तोही तेथेच. १९८४ मध्ये मॅडलिन विल ह्यांनी अमेरिकेच्या शिक्षण खात्यातून शाळेपासून कामापर्यंत जाणाऱ्या पुलांची कल्पना पुढे मांडली. त्यानंतर वर्षभरातच अँड्र्यू हॅल्पर्न ह्यांनी, नोकरी हेच एकमेव पैलतीर मानणे अपुरे आहे, घर व माणसांचा सहवास हेही त्यात यावयास हवे, असा आक्षेप घेतला. १९९० च्या अमेरिकन कायद्याने विद्यार्थ्याच्या व्यक्तिगत शिक्षणयोजनेत संक्रमणाचा भाग अनिवार्य केला, आणि २००४ च्या सुधारणेने त्यासाठी सोळा वर्षांची वयोमर्यादा ठरविली. येथे अनुकरणाचा आग्रह धरावयाचा नाही. अमेरिकेतही कायद्याने मागितलेल्या योजना पुष्कळदा कागदी राहतात, अशी तेथील अभ्यासकांचीच तक्रार आहे. मुद्दा एवढाच की तेथील संहितेत विद्यार्थी शाळेत असतानाच पुढील कामाचा प्रश्न कोणीतरी नावानिशी विचारावा अशी सक्ती आहे, आणि येथील संहितेत तशी नाही.

आता कलम ३४ कडे वळावे. शासकीय आस्थापनांतील शेकडा ४ जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखून ठेवण्याचे हे कलम पाच गट पाडते. अंध व अल्पदृष्टी ह्यांना १, बधिर व श्रवणदोष असलेल्यांना १, आणि चलनविषयक दिव्यांगत्व, मेंदूचा पक्षाघात, कुष्ठमुक्त, बुटकेपणा, आम्लहल्ल्याचे बळी व स्नायुविकृती ह्यांना मिळून १. उरलेला १ टक्का शेवटच्या दोन गटांना एकत्र : स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन-अक्षमता व मानसिक आजार ह्यांचा एक गट, आणि बहुविध दिव्यांगत्वाचा दुसरा. १९९५ च्या कायद्यात ह्या गटांना वाटाच नव्हता. तेव्हा हे पुढचे पाऊल होय. परंतु एका टक्क्यात कोणाकोणाला बसविले आहे ते पाहावे. वाचनात अडखळणारा पदवीधर आणि अक्षरओळखही कष्टाने झालेला मतिमंद तरुण ह्यांना एकाच जागेसाठी उभे केले आहे. पदांना शैक्षणिक पात्रता असते. विशेष शाळेतून बाहेर पडणाऱ्या मतिमंद विद्यार्थ्याकडे बहुधा दहावीचे प्रमाणपत्र नसते. तेव्हा तो ज्या आरक्षणाचा हक्कदार आहे, त्या आरक्षणातील अर्ज भरण्यासच तो अपात्र ठरतो.

ह्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमातील तरतूद अधिक बोलकी आहे. योग्य उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील भरती वर्षात न्यावी; तेव्हाही न मिळाल्यास ती पाच गटांत परस्परांत बदलून भरावी; आणि कोणीच दिव्यांग व्यक्ती न मिळाली तरच ती इतरांस द्यावी. जागा वाया जाऊ नये हा हेतू स्तुत्य आहे. परिणाम मात्र असा संभवतो की ज्या गटाला उमेदवार मिळणे सर्वांत कठीण, त्याची जागा दोन वर्षांनी ज्या गटाला उमेदवार सहज मिळतात त्याच्याकडे जाते. उमेदवार का मिळाला नाही, शाळेपासून त्या पदापर्यंत त्याला आणण्यासाठी काय केले गेले, हे विचारण्याची गरज कलमाला वाटत नाही. येथेही तीच पोकळी आहे. फक्त ह्या वेळी ती दुसऱ्या काठावरून दिसते.

शासकीय सेवेबाहेर कायदा बराच हात राखून बोलतो. कलम ३५ खासगी मालकांना प्रोत्साहन देण्याविषयीचे आहे. त्यांच्या कर्मचाऱ्यांत किमान ५ टक्के दिव्यांग असावेत ह्यासाठी शासनाने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत सवलती द्याव्यात, असे ते सांगते. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावयाचे असते. परंतु २०१७ च्या नियमांनी ह्या धोरणाचा तपशील, संपर्क अधिकारी इत्यादी गोष्टी खासगी क्षेत्रात वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांकडूनच मागितल्या आहेत. ह्या वीस संख्येशी गोंदियाचा संबंध कसा येतो? विडी वळणारी स्त्री आपल्या घरी बसून, सट्टेदाराकडून आलेली पाने व तंबाखू घेऊन हजाराच्या हिशेबाने काम करते. तिच्या कामाची ‘आस्थापना’ तिचा ओटा होय. तेंदूपत्ता काही आठवड्यांचा. रोवणी त्याहून थोडी लांब. राइस मिलमध्ये कायम नोकर थोडे आणि हमाल हंगामी. जेथे आस्थापनाच पातळ आहे तेथे आस्थापनेवर कर्तव्य टाकणारा कायदाही पातळ होतो. १९५९ मध्ये मुंबईत दिव्यांगांसाठी स्वतंत्र रोजगार विनिमय केंद्र निघाले, १९६८ मध्ये तेथेच व्यावसायिक पुनर्वसन केंद्र निघाले. ही परंपरा औद्योगिक नगराची आहे आणि २०१६ च्या कायद्याची रोजगारविषयक कल्पना अजून त्याच परंपरेतली आहे. गोंदियाहून पाहता त्या प्रकारचे जवळचे केंद्र मुंबईचे नसून जबलपूरचे, म्हणजे दुसऱ्या राज्यातले, हा भूगोलाचा एक किरकोळ विनोद समजावा.

ह्या परीक्षणातील सर्वांत गंभीर मुद्दा सिकलसेलचा आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल व सोळंकी ह्या वैद्यकांचे मध्य भारतातील सिकलसेल लक्षणाविषयीचे टिपण ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. विदर्भातील ह्या व्याधीची शास्त्रीय जाण तेव्हापासूनची. जन्मजात दोषामुळे रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर नष्ट होतात; त्यामुळे सततचा पांडुरोग आणि मधून मधून असह्य वेदनेचे झटके. अनुसूचित जाती व जमातींपैकी काही समाजांत तिचे प्रमाण अधिक आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्याचे लक्ष्यवर्ष २०४७. अभियानाचा भर तपासणी, समुपदेशन व उपचार ह्यांवर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु जे आज सतरा-अठरा वर्षांचे आहेत आणि ज्यांच्या रक्तात हा दोष आधीच आहे, त्यांना २०४७ पर्यंत पोटही भरावयाचे आहे.

२०१६ च्या कायद्याने सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया ह्या रक्तविकारांना अनुसूचीत स्थान दिले. त्यामुळे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र असलेल्या सिकलसेलग्रस्त मुलाला कलम ३१ चा शिक्षणहक्क मिळाला. कलम ३२ प्रमाणे उच्च शिक्षणातील ५ टक्के जागांतही तो मोजला गेला. कलम ३४ मधील पाच गटांत मात्र रक्तविकारांचे नाव नाही. शाळेपर्यंत दिव्यांग, महाविद्यालयापर्यंत दिव्यांग, आणि नोकरीच्या दाराशी दिव्यांग नव्हे, अशी ही स्थिती. एकाच कायद्याच्या तीन कलमांनी एकाच व्यक्तीविषयी घेतलेल्या ह्या भूमिकेचे समर्थन संहितेत कोठेही सापडत नाही. रक्तविकार असलेला तरुण नोकरीत अडचणीत येत नाही असे कायदेकर्त्यांना म्हणावयाचे होते काय? तसे असेल तर त्याला अनुसूचीत घालण्याचे प्रयोजन काय होते?

गोंदियातील कामे आणि ह्या व्याधीची कारणे शेजारी शेजारी मांडली असता प्रश्नाची तीव्रता कळते. शरीरातील पाणी कमी होणे, कडक ऊन, थंडी व ओल, अतिश्रम आणि संसर्ग ह्यांमुळे वेदनेचा झटका येतो, हे वैद्यकाने सांगितले आहे. आता रोवणी म्हणजे भर पावसात, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून केलेले काम; तेंदूपत्ता म्हणजे मे महिन्याच्या उन्हात जंगलात केलेली पायपीट; राइस मिल म्हणजे पाठीवरचे पोते. जिल्ह्यात ज्या कामांना शिक्षणाची अट नाही ती कामे त्याच्या शरीराला नेमकी वर्ज्य आहेत. आणि ज्या बैठ्या कामांना शिक्षणाची अट आहे, त्यांच्यासाठी लागणारी हजेरी त्याच झटक्यांनी शालेय वर्षांत खाल्लेली असते. उरते ती कार्यालयातील लहानशी नोकरी. तेथे आरक्षण नाही.

ह्याहूनही चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. ह्या व्याधीत मांडीच्या हाडाच्या डोक्याला होणारा रक्तपुरवठा तुटून ते झिजते व खुब्याचा सांधा निकामी होतो; ही सुपरिचित गुंतागुंत आहे. तसे झाले की तीच व्यक्ती चलनविषयक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळविण्यास पात्र होते, आणि कलम ३४ च्या तिसऱ्या गटात तिला जागा मिळते. म्हणजे खुबा शाबूत असेपर्यंत कायदा तिला नोकरीसाठी दिव्यांग मानीत नाही. ज्या हलक्या, सावलीतल्या, बैठ्या कामामुळे तिची प्रकृती टिकली असती ते काम तिला प्रकृती गेल्यानंतर देऊ केले जाते. संहितेतील गटवारी शरीराच्या दिसणाऱ्या न्यूनतेवर आधारलेली आहे, कामाच्या मांडणीतील अडथळ्यांवर नाही. व्याख्येत आणलेले नवे तत्त्व रोजगाराच्या कलमापर्यंत पोहोचलेच नाही, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

ह्यावर दोन प्रतिवाद संभवतात. पहिला असा की हे तरुण बहुसंख्येने अनुसूचित जाती-जमातींचे असल्याने त्यांना आरक्षण आधीच आहे. हा युक्तिवाद विधिदृष्ट्या टिकत नाही. सामाजिक आरक्षण उभे आणि दिव्यांगांचे आडवे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी प्रकरणात १९९२ मध्येच स्पष्ट केला आहे; एकामुळे दुसरे निरर्थक होत नाही. आपल्याच समाजातील निरोगी स्पर्धकापुढे सिकलसेलग्रस्त मुलगी मागे पडते, ती जातीमुळे नव्हे. दुसरा प्रतिवाद अधिक विचारार्ह आहे : वेदनेचे झटके येतात आणि जातात, तेव्हा स्थिर टक्केवारीत मोजता न येणाऱ्या अवस्थेस कायम आरक्षण कसे द्यावे? प्रश्न खरा आहे, पण त्याचा रोख टक्केवारीच्या पद्धतीकडे जातो. ज्या मापाने तुटलेला हात मोजावयाचा त्याच मापाने महिन्यातून चार दिवस अंथरुणास खिळणारे शरीर मोजले जात असेल तर चूक मापाची आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, परीक्षेतील लेखनिकासारखी वाजवी सोय ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. आरक्षणाचा प्रश्न त्यात नव्हता. परंतु सोय आणि टक्केवारी ह्यांची गाठ त्याने सोडविली. सिकलसेलग्रस्त कामगाराला लागणारी सोय तरी केवढी? हाताशी पिण्याचे पाणी, मधली विश्रांती, सावली, ओझ्याऐवजी मोजणीचे काम, आणि झटक्याच्या दिवशीची रजा नोकरी न जाता. ह्यापैकी कशालाही फार पैसा लागत नाही. कोणीतरी मालकाशी बोलावे मात्र लागते, आणि असा बोलणारा मनुष्य कायद्याने नेमलेला नाही.

कायद्याच्या आधी आणि कायद्याबाहेर विदर्भात ह्या प्रश्नाला एक भव्य उत्तर दिले गेले, त्याचा उल्लेख टाळून चालणार नाही. मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे ह्यांनी १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ सहा कुष्ठरोग्यांसह आनंदवन सुरू केले. दान घेणाऱ्या हातांना काम दिले की त्या हातांचा मनुष्य होतो, ही त्यामागची श्रद्धा पुढे अंध, मूकबधिर व अस्थिव्यंग व्यक्तींच्या शाळांत आणि संधिनिकेतनातील व्यवसायशिक्षणात उतरली. शाळा, प्रशिक्षण, काम, घर, विवाह, वार्धक्य हे सर्व एकाच कुंपणात असल्यामुळे येथे चर्चिलेली पोकळी आनंदवनात निर्माणच होत नाही. परंतु त्या उत्तराची मर्यादाही त्या कुंपणातच आहे. ज्या काळी गाव कुष्ठरोग्याला वेशीत घेत नव्हते त्या काळी नवे गाव वसविणे हाच मार्ग होता. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील एखाद्या मतिमंद मुलाला त्याच्या गावाने टाकलेले नसते. त्याला तेथेच राहावयाचे असते, आणि आईबापांनाही तो तेथेच हवा असतो. त्याच्यासाठी नवे गाव नको. आहे त्या गावातल्या कामाची मांडणी बदलावयास हवी. हे काम आनंदवन वसविण्याहून लहान आहे, पण त्याला आमटे ह्यांच्यासारखा एक मनुष्य पुरत नाही, प्रत्येक तालुक्याला एकेक लागतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांच्या ‘चाकाची खुर्ची’ ह्या आत्मकथनातही हेच निराळ्या रीतीने दिसते. किशोरवयात पायांतील बळ गेलेली मुलगी शासकीय नोकरीपर्यंत पोहोचते आणि १९८४ मध्ये संस्था उभारते, ह्यात तिचे धैर्य आहेच. पण योग्य वेळी तिला भेटलेली माणसेही आहेत. ती भेट योगायोगाने झाली. योगायोगाची जागा घेणे हे कायद्याचे काम होते.

संहितेत दुरुस्ती कोठे हवी हे आता सांगणे कठीण नाही. कलम ३४ मध्ये रक्तविकारांचा समावेश, आणि कलम १६ मधील देखरेख ‘पूर्तते’पुढे किमान दोन वर्षे चालू ठेवणारी तरतूद, ह्या दोन दुरुस्त्या संसदेच्या अखत्यारीतल्या आहेत. त्यांची वाट न पाहता करण्यासारखे बरेच आहे. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. जिल्ह्यातील स्थानिक संस्थांना आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. हा निधी एकदाच वाटावयाच्या वस्तूंवर खर्च करण्याऐवजी, प्रत्येक तालुक्यात राइस मिल, रोपवाटिका, ग्रामपंचायत कार्यालय ह्यांच्याशी बोलून जागा शोधणाऱ्या आणि नव्या कामगाराजवळ पहिले काही महिने उभे राहणाऱ्या एका मार्गदर्शकावर खर्च करण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही. मार्गदर्शकाला वेतन द्यावे लागते आणि त्याचे छायाचित्र काढता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

संशोधनाच्या बाजूने पाहता कलम १९ चे शेवटचे उपकलम अभ्यासकाच्या कामाचे आहे. कौशल्यप्रशिक्षण व स्वयंरोजगार ह्यांतील प्रगतीची वर्गवार माहिती शासनाने ठेवावी, असे ते सांगते. ही माहिती प्रशिक्षणापासून सुरू होते. ज्यांचे प्रशिक्षण कधी झालेच नाही ते तीत येत नाहीत. त्यांना गाठावयाचे तर आरंभ शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरापासून करावा लागेल. आठ तालुक्यांतील विशेष शाळा व सर्वसाधारण माध्यमिक शाळा ह्यांच्या रजिस्टरांतून गेल्या दहा वर्षांत लक्षणीय दिव्यांगत्वासह बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची नावे काढावीत आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन तो आज दिवसभर काय करतो, त्याला पैसे कोण देते आणि शाळा सुटल्यावर त्याच्याकडे प्रथम कोण आले, हे विचारावे. पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातले हे काम आहे. पाहणीचा काळ रोवणीचा ठेवला तर अधिक बरे; त्या दिवसांत गावातील बहुतेक हात शेतात असतात, आणि घरी कोण राहिले आहे हे निराळे विचारावे लागत नाही.